कोटेशन पूर्ण नावानं मागा: पहिला गेमिंग पीसी जुळवताना

गेमिंग पीसीची चौकशी करायला दुकानात गेलं की साधारण असा कागद हातात पडतो: आय५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ४५० वॅट एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), आरजीबी फॅनचं गेमिंग कॅबिनेट. खाली एकूण रक्कम. कागद भरलेला दिसतो, पण हे पार्ट एकमेकांना जुळतात का आणि त्यावर तुमचा गेम चालेल का, यातलं काहीच त्यावरून कळत नाही. 'आय५' हे नाव इंटेल २००९ पासून वापरतंय. २०१२ चा आय५-३४७० सुद्धा आय५ आणि २०२२ चा आय५-१२४००एफ सुद्धा आय५. दोघांचा सॉकेट वेगळा, रॅम वेगळी, बोर्ड वेगळा आणि ताकदीत तर जमीन-अस्मानाचा फरक.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बोल्ट आणायला गेलेला माणूस 'जरा मोठा बोल्ट द्या' म्हणत नाही. एम१०, दीडचा पिच, लांबी इतकी, असं सांगतो. पीसीचे पार्टही असेच मागायचे: पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरासकट. त्या नावात काय वाचायचं आणि कुठला पार्ट कुठल्या पार्टला बांधून ठेवतो, ते क्रमानं पाहू.

पायरी १: आधी गेम आणि मॉनिटर

सगळे ग्राफिक्स कार्डापासून सुरुवात करतात. मी म्हणेन, मॉनिटरपासून करा. तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला ६० चित्रंच दाखवणार, कार्डानं २०० बनवली तरी. आणि १०८०पी ऐवजी १४४०पी मॉनिटर घेतला तर कार्डाला प्रत्येक चित्रात सुमारे पावणेदोन पट जास्त पिक्सेल रंगवावे लागतात. म्हणजे मॉनिटर बदलला की कार्डाचं सगळं गणित बदलतं.

गेमचंही तसंच. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्याला मध्यम कार्ड पुरतं, पण प्रोसेसर चपळ लागतो. सायबरपंक २०७७ सारखे भव्य गेम खेळायचे असतील तर पैसा कार्डात घालावा लागतो. पहिल्याच पीसीसाठी १०८०पी, १४४ हर्ट्झच्या आसपासचा मॉनिटर हा माझ्या मते सगळ्यांत समाधानाचा टप्पा आहे. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आणि यूपीएसचे पैसे बजेटमधून आधीच बाजूला काढा. टॉवरवर सगळे पैसे संपवून जुन्या ६० हर्ट्झ मॉनिटरवर खेळणारी मुलं पाहिली की वाईट वाटतं.

पायरी २: प्रोसेसर आणि त्याचा सॉकेट

प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तो सॉकेट. एकदा सॉकेट ठरला की बोर्ड, रॅमचा प्रकार आणि पुढे अपग्रेड होईल की नाही, हे तिन्ही ठरतं. आज पहिल्या पीसीसाठी चारच सॉकेट लक्षात ठेवले तरी भागतं: प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडी आणि इंटेल या कंपन्यांचे दोन-दोन.

एएमडीचा एएम४ हा जुना पण अजून खूप विकला जाणारा सॉकेट. एएमडीच्या रायझन प्रोसेसरांच्या १००० ते ५००० मालिका यावर बसतात आणि रॅम डीडीआर४ (रॅमची आधीची पिढी, पुढची डीडीआर५) लागते. एएम५ हा २०२२ मध्ये आला. त्यावर रायझन ७००० आणि त्यानंतरच्या मालिका बसतात आणि रॅम फक्त डीडीआर५ चालते. इंटेलचा एलजीए१७०० हा बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचा सॉकेट. यात रॅम डीडीआर४ का डीडीआर५, हे बोर्डावर अवलंबून असतं. आणि २०२४ मध्ये आलेला एलजीए१८५१ हा कोअर अल्ट्रा २०० मालिकेचा, फक्त डीडीआर५ चा.

बजेट ताणता येत असेल तर माझी पसंती एएम५ ला. एएमडीनं हा सॉकेट २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही चालवू असं जाहीर केलंय, त्यामुळे तीन-चार वर्षांनी बोर्ड आणि रॅम तीच ठेवून नुसता प्रोसेसर बदलता येण्याची शक्यता इथं सर्वांत जास्त आहे. पण २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव एकदम चढले, ही गोष्ट हिशोबात धरावी लागते. घरात जुन्या डेस्कटॉपमधली डीडीआर४ रॅम चांगल्या अवस्थेत पडून असेल, तर रायझन ५ ५६०० किंवा आय५-१२४००एफ घेऊन ती वापरणं आज शहाणपणाचं आहे. दोन्ही सहा कोअर, बारा थ्रेडचे (सहा गाभे, एका वेळी बारा कामं) आहेत आणि १०८०पी गेमिंगला अजून दमलेले नाहीत.

आता नावातलं शेवटचं अक्षर. इंटेलमध्ये 'एफ' म्हणजे प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाहीत. असा प्रोसेसर घेतला आणि कार्ड पुढच्या महिन्यात घेऊ म्हटलं, तर तोवर मॉनिटरवर काहीही दिसणार नाही. एएमडीच्या एएम४ वर उलटी रीत आहे: साध्या नावात ग्राफिक्स नसतात, 'जी' असेल तरच असतात. ५६०० मध्ये नाहीत, ५६००जी मध्ये आहेत. एएम५ वर बहुतेक प्रोसेसरांत कामापुरते ग्राफिक्स असतात, पण ७५००एफ सारख्या 'एफ'वाल्यांत नसतात.

ज्याला कार्ड नंतरच घ्यायचंय त्याला दुकानदार ५६००जी सुचवतो. तो सल्ला चुकीचा नाही, पण एक गोष्ट माहीत असू द्या. ५६००जी मध्ये पीसीआयई (कार्ड आणि प्रोसेसर जोडणारी वाट) ३.० आहे आणि ५६०० मध्ये ४.०. त्याचा परिणाम कुठं होतो ते कार्डाच्या पायरीत येईल.

इंटेलचा 'के' आणि एएमडीचे बरेचसे 'एक्स'वाले प्रोसेसर बॉक्समध्ये कूलर न देता विकले जातात. रायझन ५ ७६०० सोबत कूलर येतो, ७६००एक्स सोबत येत नाही. कोटेशनमध्ये कूलरची ओळ नसेल तर याच अक्षराकडे बघा.

आणि एक कळकळीची सूचना. बाजारात अजूनही दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा आय५, एच६१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप) नवा कोरा बोर्ड आणि डीडीआर३ रॅम असा संच 'गेमिंग पीसी' म्हणून मिळतो. बोर्डाचा खोका नवा असतो, आतलं तंत्र २०११-१२ सालचं. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो आणि विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळायला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या पीसीतल्या सुरक्षेच्या सोयी चालू असाव्या लागतात. अशा संचावर घातलेला पैसा वडिलांच्या घामाचा असतो. तो तिथं जाऊ देऊ नका.

पायरी ३: मदरबोर्ड

सॉकेट जुळला म्हणजे बोर्ड जुळला, असा समज आहे. तो निम्माच खरा आहे. प्रोसेसर खाचेत बसला तरी बोर्डाच्या बायोसला, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या बोर्डातल्याच सॉफ्टवेअरला, तो ओळखता आला पाहिजे. बी४५० बोर्ड रायझन ५००० च्या आधीचे. त्यावर ५६०० चालतो, पण बायोस नवं केलेलं असेल तरच. बी६६० बोर्डावर चौदाव्या पिढीचा प्रोसेसर लावायचा असेल तरी हीच अट. जुन्या स्टॉकमधला बोर्ड घरी आणला आणि पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही, याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे.

तपासायची पद्धत सोपी आहे. बोर्डाचं पूर्ण नाव कंपनीच्या साइटवर शोधा, सपोर्टच्या पानावर प्रोसेसरांची यादी असते, त्यात तुमच्या प्रोसेसरसमोर कुठल्या बायोस आवृत्तीपासून चालतो ते लिहिलेलं असतं. दुकानदाराला तेवढंच विचारायचं: "दादा, या बोर्डावर ही बायोस आवृत्ती आहे का? नसेल तर टाकून द्याल का?" चांगला दुकानदार पाच मिनिटांत करून देतो. काही बोर्डांना मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असतं. त्यानं प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हवरून बायोस बदलता येतं. दोन बोर्डांत थोडक्याच पैशांचा फरक असेल तर हे बटण असलेला घ्या.

एलजीए१७०० घेणाऱ्यांसाठी नावातली आणखी एक खूण. एकच बी७६० बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन रूपांत येतो आणि डीडीआर४ वाल्याच्या नावाच्या शेवटी 'डी४' किंवा 'डीडीआर४' असं लिहिलेलं असतं. काउंटरवर "काय फरक पडत नाही, बसतंय की सगळं" असं उत्तर मिळालं तरी ऐकू नका. दोन्ही रॅमना २८८ पिना असल्या तरी मधली खाच वेगळ्या जागी आहे. बसत नाही, आणि जोर लावला तर स्लॉट तुटतो.

चिपसेटबद्दल थोडक्यात: पहिल्या पीसीला बी मालिका घ्या. बी५५०, बी६५०, बी७६० यांत बहुतेकांना लागतं ते सगळं असतं. एच६१० स्वस्त आहे, पण रॅमचे दोनच स्लॉट आणि रॅमचा वेग वाढवायला वाव नाही. एक्स आणि झेडवाल्या महाग बोर्डांची गरज ओव्हरक्लॉकिंगवाल्यांना, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणाऱ्यांना. एक मात्र नक्की बघा, बोर्डात वायफाय आहे का. लॅपटॉपमुळे ते असतंच असं आपण गृहीत धरतो. डेस्कटॉप बोर्डात ते असलं तर नावात तसं लिहिलेलं असतं, नसेल तर यूएसबीचा ॲडॅप्टर किंवा राउटरपासून केबल आली.

पायरी ४: रॅम

'१६ जीबी रॅम' या ओळीत तीन गोष्टी लपलेल्या आहेत: प्रकार, वेग आणि पट्ट्या किती. १६ ची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्या, म्हणजे प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते आणि गेममध्ये तो फरक डोळ्यांना दिसतो. प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स वापरणार असाल तर हे अत्यावश्यकच. चार स्लॉटच्या बोर्डात दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या असतात. बोर्डाच्या पुस्तिकेत चित्र असतं, ते बघा.

डीडीआर४ असेल तर ३२०० चा वेग पुरे. एएम५ वर डीडीआर५ ६००० हा जमून आलेला वेग मानला जातो. हा वेग आपोआप मिळत नाही. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम तिच्या पूर्ण वेगानं चालवायची सेटिंग) चालू करावं लागतं. डीडीआर५ च्या चार पट्ट्या लावल्या तर वेग बऱ्याचदा खाली येतो, म्हणून पुढे कधी ३२ जीबी हवीच असेल तर १६ च्या दोन पट्ट्यांचा एकच संच घेणं बरं.

पायरी ५: ग्राफिक्स कार्ड

"भावा, कार्ड किती जीबीचं आहे?" हा प्रश्न कॉलेजच्या कट्ट्यावर पहिला येतो, आणि कार्डाची ताकद सांगायला तो सगळ्यांत कमी उपयोगाचा आहे. जीटी ७३० हे २०१४ चं कार्ड ४ जीबीमध्ये मिळतं आणि २०१९ चं जीटीएक्स १६५० सुद्धा ४ जीबीचं आहे. पहिलं कार्ड आजच्या गेमसाठी नाहीच, दुसरं त्याच्या कित्येक पट पुढे. जीबी म्हणजे कार्डाची मेमरी. ती कमी पडली तर गेम अडखळतो, पण ती जास्त आहे म्हणून कार्ड वेगवान होत नाही.

पूर्ण नावाची गरज इथं सर्वांत जास्त आहे. आरटीएक्स ३०५० घ्या. ८ जीबीचं कार्ड १३० वॅट घेतं. २०२४ मध्ये त्याच नावाचं ६ जीबीचं कार्ड आलं, ते ७० वॅटचं आहे आणि फक्त मेमरीत नाही, ताकदीतही कमी आहे. कोटेशनवर दोन्हींचं नाव 'आरटीएक्स ३०५०' असंच येणार. ६ जीबीवाल्याची एक चांगली बाजूही आहे: त्याला बहुतेक वेळा वेगळी पॉवर केबल लागत नाही, स्लॉटमधूनच भागतं, त्यामुळे जुन्या ऑफिसच्या पीसीत टाकायला ते सोयीचं. आरटीएक्स ३०६० चीही १२ आणि ८ जीबीची दोन रूपं आहेत आणि ८ जीबीवालं हळू आहे. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही नवी कार्डं ८ आणि १६ जीबीत मिळतात. तिथं बजेट बसत असेल तर १६ घ्या, कारण नवे गेम १०८०पी वरही ८ जीबीत मावेनासे होत चाललेत.

कार्ड बोर्डाच्या लांब स्लॉटमध्ये बसतं आणि कुठल्याही पिढीच्या पीसीआयई स्लॉटमध्ये चालतं. पण आरटीएक्स ४०६०, आरटीएक्स ५०६०, आरएक्स ७६०० यांसारखी कार्डं स्लॉटमधल्या सोळा वाटांपैकी आठच वापरतात. जुन्या पीसीआयई ३.० वर, म्हणजे ५६००जी असेल तेव्हाही, त्या आठ वाटा अरुंद पडतात. बहुतेक गेममध्ये तोटा थोडाच असतो, मेमरी भरली की तो वाढतो. फक्त चार वाटांच्या आरएक्स ६५०० एक्सटी ला हा मार सगळ्यांत जास्त बसतो, त्यामुळे पीसीआयई ३.० बोर्डावर ते कार्ड टाळाच.

सेकंडहँड कार्ड घेणारे पुष्कळ आहेत आणि त्यात काही गैर नाही, पण चालू करून, अर्धा तास गेम लावून, डोळ्यांसमोर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जुन्या कार्डाचं बायोस बदलून त्याला नव्या कार्डाचं नाव दिलेली बनावट कार्डं बाजारात येतात. विंडोज त्यांचं खोटं नाव दाखवतं, पण जीपीयू-झेड नावाचं मोफत सॉफ्टवेअर बरीचशी बनावट कार्डं ओळखतं.

पायरी ६: एसएमपीएस

या पायरीवर मी सगळ्यांत जास्त वेळ घेणार आहे, कारण लोक सगळ्यांत कमी पैसे इथं घालतात. बाकी कुठलाही पार्ट हलका निघाला तर गेम हळू चालतो. एसएमपीएस हलका निघाला तर तो जाताना सोबत बोर्ड आणि कार्डही घेऊन जाऊ शकतो.

हिशोब असा. समजा रायझन ५ ७६०० आहे. नावापुढे ६५ वॅट लिहिलेले असले तरी पूर्ण भारात तो ८८ पर्यंत घेतो. आरएक्स ७६०० चे १६५ वॅट. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांचे मिळून ५०-६० धरा. बेरीज सव्वातीनशेच्या आत. कार्ड क्षणभर यापेक्षा जास्त खेचतं, एसएमपीएसला मोकळीक लागते आणि पुढे मोठं कार्ड येणार, हे धरून ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस या जोडीला बरोबर. इंटेलचा १२४००एफ असेल तर प्रोसेसरचे ११७ धरा, उत्तर तेच राहतं.

'चांगला' कसा ओळखायचा? बाजूचं लेबल वाचा. प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या वाटेनं घेतात, म्हणून लेबलवर १२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिलेत ते शोधा आणि १२ नं गुणा. स्वस्त '४५० वॅट'च्या डब्यावर तिथं १८ अँपिअर लिहिलेले असतील तर उत्तर येतं २१६ वॅट. वर मोठ्या अक्षरात छापलेले ४५० तुमच्या गेमच्या कामाचे नाहीत. खऱ्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर हा आकडा ४५ अँपिअरच्या आसपास, म्हणजे ५४० वॅट असतो. लेबलवर हा तक्ताच नसेल तर तो डबा तिथंच ठेवा.

८० प्लसचा ब्राँझ किंवा गोल्ड शिक्का किती वीज वाया जाते ते सांगतो, एसएमपीएस किती सुरक्षित आहे ते नाही. तरी तो नसलेला एसएमपीएस पहिल्या गेमिंग पीसीत घेऊ नये. शिक्क्याबरोबर वॉरंटी बघा. पाच वर्षं वॉरंटी देणारी कंपनी आत काय घालते याचा अंदाज त्यावरून येतो.

मग केबली. कार्डाला आठ पिनांची एक केबल लागते का दोन, ते कार्डाच्या पानावर बघा. आठ पिनी केबलीतून १५० वॅट, सहा पिनीतून ७५ आणि स्लॉटमधून ७५, असा नियम आहे. प्रोसेसरची आठ पिनी केबल आणि कार्डाची आठ पिनी केबल दिसायला सारखी पण जोडणी वेगळी. पहिली चार अधिक चार अशी सुटते, दुसरी सहा अधिक दोन अशी. हार्डडिस्कच्या केबलीतून कार्डाला वीज देणारा ॲडॅप्टर कुणी फुकट दिला तरी लावू नका. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: सुट्या केबलींचा एसएमपीएस असेल तर एका कंपनीची केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही लावायची नाही. टोक बसतं, पण एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांचा क्रम कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या मॉडेलगणिक बदलतो. मित्राकडची जास्तीची केबल आणून लावली आणि एसएसडी जळाली, असं होतं ते यानं.

एसएमपीएसइतकीच भिंतीतली वायर महत्त्वाची. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेसारख्या जुन्या वस्तीतल्या घरांत सॉकेट तीन पिनांचा असला तरी मागे अर्थिंग जोडलेलं आहे का, ते वायरमनला बोलावून बघून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असं समजा आणि पीसी बंद ठेवा. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो, लाईट दहा वेळा ये-जा करते. तेव्हा यूपीएस हवाच. ६०० व्हीएचा यूपीएस सहसा ३६० वॅटच देतो, त्यात पीसी आणि मॉनिटर पूर्ण भारात काठावर येतात. ११०० व्हीएच्या आसपासचा घ्या. आणि विजा कडाडायला लागल्या की प्लग काढा, इंटरनेटच्या केबलीसकट.

पायरी ७: कॅबिनेट, कूलर, एसएसडी

इथं मोजपट्टीचं काम आहे. बोर्ड एटीएक्स (३०५ बाय २४४ मिलिमीटर), मायक्रो एटीएक्स (२४४ बाय २४४) का मिनी आयटीएक्स (१७० बाय १७०), ते कॅबिनेटच्या यादीत हवं. कॅबिनेटच्या पानावर कार्डाची कमाल लांबी आणि कूलरची कमाल उंची दिलेली असते. तीन पंख्यांची कार्डं ३०० मिलिमीटरच्या पुढे जातात, आणि समोर रेडिएटर (पाण्याच्या कूलरची जाळी) लावला तर तेवढी जागा आणखी कमी होते. टॉवर कूलर १५५ ते १६० मिलिमीटर उंच असतात. अरुंद कॅबिनेटमध्ये बाजूची काच बंद होत नाही मग.

समोर सपाट काच असलेलं कॅबिनेट दुकानात देखणं दिसतं. तरी मी जाळीचंच घ्या म्हणेन, काढून धुता येईल अशा फिल्टरचं. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा चाळिशीला टेकतो, काचेआड कार्डाला श्वास मिळत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीच्या किंवा गुऱ्हाळांच्या जवळ राहणाऱ्यांनी फिल्टर महिन्याला काढून झटकावा. पावसाळ्यात पीसी आठवडाभर बंद ठेवू नका, अधूनमधून चालू केला की आतली दमट हवा निघून जाते. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांच्या दारात आला त्यांनी टॉवर जमिनीवर ठेवूच नये.

एसएसडी एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) घ्या आणि शक्य असेल तर १ टीबी. आजचे मोठे गेम १०० जीबीच्या पुढे सहज जातात, ५१२ मध्ये विंडोज आणि तीन-चार गेम की भरलं. एम.२ हा फक्त आकार आहे. त्यात साटाच्या (जुन्या पद्धतीच्या जोडणीच्या) हळू एसएसडीही येतात, म्हणून नावात 'एनव्हीएमई' वाचा. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब. डेस्कटॉप बोर्डात हाच आकार लागतो. काही बोर्डांत दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये काही लावलं की साटाचे एक-दोन पोर्ट बंद होतात. जुनी हार्डडिस्क लावायची असेल तर पुस्तिकेतलं ते पान वाचून घ्या.

पायरी ८: यादी, कोटेशन, बिल

पीसीपार्टपिकर या साइटवर आपली यादी भरली की सॉकेट, रॅम, कार्डाची लांबी असे ढोबळ विसंवाद ती लगेच दाखवते. त्यावर थांबू नका, बायोसची यादी आणि केबली स्वतः बघा. मग ही यादी घेऊन राजारामपुरी, शाहूपुरीतल्या दोन-तीन दुकानांत जा आणि त्याच नावांचं कोटेशन मागा. 'याच्याऐवजी हे देतो, सेमच आहे' असं कुणी म्हणालं तर नवं नाव लिहून घ्या, घरी येऊन वरच्या पायऱ्या पुन्हा तपासा, मग हो म्हणा. ऑनलाइन चार पैसे वाचतात, हे खरंय. पण पहिल्या पीसीला बोर्ड किंवा एसएमपीएस तरी गावातूनच घ्यावा, असं मला वाटतं. डिस्प्ले आला नाही तर टॉवर उचलून ज्याच्यासमोर ठेवता येतो असा माणूस लागतो.

बिल जीएसटीचं पक्कं घ्या, प्रत्येक पार्टच्या सिरियल नंबरसह. प्रोसेसर बॉक्सचा आहे का ट्रेचा (खोक्याविना सुटा), ते लिहून घ्या, वॉरंटी त्यावर ठरते. वॉरंटीचं काम इथं होतं का पार्ट पुण्याला पाठवावा लागतो आणि पाठवायचा खर्च कुणाचा, हे पैसे देण्याआधी विचारा.

पायरी ९: जोडणी आणि पहिला डिस्प्ले

सगळं कॅबिनेटमध्ये कसण्याआधी एकदा बाहेर जोडून बघा. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा, प्रोसेसर, कूलर, एक रॅम, आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतील तर कार्ड. एसएमपीएस जोडा, बायोस दिसतंय का पाहा. दिसलं तर पार्ट जुळले आणि पुढची अडचण आलीच तर ती बहुधा फिटिंगची असणार. एएम५ आणि इंटेलच्या सॉकेटमध्ये केसासारख्या बारीक पिना बोर्डावर असतात. बोट, थर्मल पेस्ट, काहीही तिथं लागू देऊ नका आणि सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण जपून ठेवा, बोर्ड वॉरंटीला देताना ते मागतात. कॅबिनेटमध्ये बोर्डाखाली पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारे छोटे खुंट) फक्त बोर्डाला भोक आहे तिथंच हवेत. जास्तीचा एखादा राहिला तर तो मागून बोर्ड शॉर्ट करतो.

एएम५ वर पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. बोर्ड तेव्हा डीडीआर५ रॅमची जुळवाजुळव करत असतो. घाबरून बटण दाबू नका, थांबा. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशा चार छोट्या दिव्यांची रांग असते. जो दिवा अडकून राहतो त्या पार्टपासून शोध सुरू करायचा. डीरॅमवर अडकला तर रॅम काढून पुन्हा, टक आवाज येईपर्यंत बसवा.

मॉनिटरची केबल कार्डाला लावा, बोर्डाला नाही. बोर्डाच्या एचडीएमआयला लावली तर महागडं कार्ड नुसतं बसून राहतं. मग बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो चालू करा, विंडोज आणि कार्डाचा ड्रायव्हर टाका. शेवटी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट (सेकंदाला किती चित्रं) बघा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर लावला तरी विंडोज अनेकदा तो ६० वरच ठेवते, ते हातानं १४४ करावं लागतं.